सातजणींचा शब्द

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधानभवनावर, एक मोर्चा गेला. मोर्चात होत्या अवघ्या सात मुस्लिम स्त्रिया. हमीद दलवाई यांनी तो काढला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, अशी मागणी होती.

शब्दांशी माझा रोजचा संबंध. म्हणून या मागणीचे मर्म मला फार मोठे वाटते. नवऱ्याने तीनदा उच्चारलेल्या एका शब्दाने संसार मोडत होता आणि जिचा मोडत होता, तिच्या शब्दाला मोल नव्हते. त्या सातजणींनी आपला शब्द सरकारदरबारी नेला.

१९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९७७ मध्ये दलवाई गेले; पत्नी मेहरुन्निसा यांनी काम पुढे नेले. १९८५ मध्ये कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा निघाला.

पुढे उत्तराखंडच्या शायराबानो यांना पत्राने तलाक आला. त्या समाजशास्त्राच्या एम.ए. त्यांनी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मेहरुन्निसाभाभी त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या होत्या. निकाल ऐकायला त्या नव्हत्या.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मुलींना नोकरीसाठी जरूर शिकवावे. पण निकाहनाम्यावर सही करण्याआधी तो तिला वाचता यावा आणि न पटलेली अट खोडायला सांगता यावी, एवढे बळ तरी त्या शिक्षणाने द्यावे.