बिनतारी कंत्राट आणि एक नेमका प्रश्न

ज्या बिनतारी विद्येच्या योगाने आपण एकमेकांस न पाहताही एकत्र येतो, तिचा इतिहास आपण शाळांतून फार अपुरा शिकवितो. क्रमिक पुस्तकात मार्कोनी येतो. १९०१ साली त्याने अटलांटिक महासागरापलीकडून पकडलेली ती चिमुकली खूणही येते. परंतु पुढे या विद्येची कंपनी झाली, त्या कंपनीस सरकारी कंत्राट मिळाले, आणि कंत्राटाच्या पाठोपाठ धनसत्तेची व राजसत्तेची गाठ पडली, हा भाग पुस्तकात येत नाही. तो आज मी आपणांस सांगणार आहे.

१९११ साली लंडनमध्ये साम्राज्यातील देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. समुद्राखालील तारा युद्धकाळी शत्रू सहज तोडू शकेल. म्हणून साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारावी, असे त्या परिषदेने ठरविले. इंग्लंड, ईजिप्त, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि सिंगापूर अशी सहा केंद्रे प्रथम व्हावयाची होती. मार्कोनी कंपनीची निविदा ब्रिटिश पोस्टमास्टर जनरल हर्बर्ट सॅम्युएल यांनी मार्च १९१२ मध्ये तत्त्वतः स्वीकारली आणि १९ जुलैस करारावर सह्या झाल्या. दर केंद्रास साठ हजार पौंड, शिवाय ढोबळ उत्पन्नावर शेकडा दहा टक्के, असा तो व्यवहार होता. पार्लमेंटची मंजुरी मात्र अद्याप मिळावयाची होती.

ही बातमी फुटण्यापूर्वीच शेअरबाजारास वास लागला होता. जो भाग १९११ च्या उन्हाळ्यात अडीच पौंडांच्या आतबाहेर मिळत होता, तो एप्रिल १९१२ पर्यंत नऊ पौंडांवर जाऊन पोहोचला. त्यातच १५ एप्रिलच्या पहाटे 'टायटॅनिक' बुडाली. बिनतारी संदेशामुळे सातशेंवर माणसे वाचली आणि मार्कोनीचे नाव घरोघर झाले.

आता कंपनीच्या कचेरीत डोकावू. तिचे व्यवस्थापकीय संचालक होते गॉडफ्री आयझॅक्स. त्यांचे वडीलबंधू सर रूफस आयझॅक्स हे त्याच सरकारात ॲटर्नी जनरल होते. अमेरिकेतील मार्कोनी कंपनी ही कायद्याने निराळी, पण तिचे बहुसंख्य भाग इंग्रज कंपनीच्या हाती. या अमेरिकन कंपनीचे नवे भाग १९ एप्रिलला लंडनच्या बाजारात यावयाचे होते. त्याच्या दोन दिवस आधी रूफस यांनी हॅरी नावाच्या तिसऱ्या भावाकडून दहा हजार भाग दर भागास दोन पौंड या भावाने घेतले. त्यांतील एकेक हजार त्यांनी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि लिबरल पक्षाचे मुख्य प्रतोद मास्टर ऑफ एलिबँक यांना दिले. १९ तारखेस बाजार उघडला तेव्हा भाव सव्वातीन पौंड होता. संध्याकाळी चार झाला. सामान्य माणसास जी वस्तू त्या भावाने मिळणे शक्य नव्हते, ती तीन सत्ताधाऱ्यांना घरबसल्या मिळाली होती.

कुजबूज सुरू झाली. जुलैत 'आउटलुक' या साप्ताहिकात लॉसन नावाच्या लेखकाने कराराच्या अटींवर टीका केली. ऑगस्टमध्ये 'आय-विटनेस' या छोट्या पत्राने हल्ला चढविला. हे पत्र हिलेअर बेलॉक यांनी १९११ साली काढले होते. या सुमारास ते सेसिल चेस्टरटन या तिशीतल्या तरुण संपादकाच्या हाती होते. फादर ब्राऊनच्या चातुर्यकथा लिहिणारे गिल्बर्ट चेस्टरटन हे त्याचे थोरले बंधू. पत्राजवळ पैसा नव्हता, पण कोणत्याही पक्षाच्या दावणीला ते बांधलेले नव्हते, आणि तेवढ्यापुरते ते मोकळे होते.

११ ऑक्टोबर १९१२ रोजी कॉमन्स सभेत प्रश्न निघाला. सर रूफस उठले आणि त्यांनी ठासून सांगितले, की वाटाघाटी चालू असता त्या कंपनीच्या भागांशी आपला कसलाही व्यवहार झालेला नाही. सभागृहाचे समाधान झाले. आम्ही शिक्षक मुलांना दर्शक शब्द शिकवितो, तेव्हा 'हा', 'तो', 'ती' यांकडे वर्गात कोणी फारसे लक्ष देत नाही. पण त्या दिवशी सारे सत्य 'त्या' या एका शब्दाच्या आड लपले होते. 'त्या' कंपनीचे, म्हणजे इंग्रज कंपनीचे, भाग त्यांनी घेतले नव्हते हे खरेच. अमेरिकन कंपनीविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितले नाही. वाक्य खरे होते; पण ते ऐकणारा फसला होता.

चौकशीसाठी सभागृहाने समिती नेमली. महिने गेले, तपशिलांचा ढीग झाला, पण मंत्र्यांच्या भागखरेदीचा पत्ता लागेना. मग फेब्रुवारी १९१३ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या मासिकाचे संपादक लिओ मॅक्सी यांची साक्ष झाली. ते म्हणाले, मंत्र्यांनी पहिल्याच दिवशी येऊन सांगावयास हवे होते, की लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस किंवा अन्य कोणत्याही पेठेत, कोणत्याही मार्कोनी कंपनीच्या भागांत आपण व्यवहार केलेला नाही. यात शिवी नव्हती, आरोपही नव्हता. फक्त 'त्या'च्या जागी 'कोणत्याही' हा शब्द आला होता. परंतु ऑक्टोबरात सुटलेली फट त्याने नेमकी बुजविली.

या साक्षीचा विपर्यास करून पॅरिसच्या 'मातँ' या दैनिकाने सॅम्युएल व आयझॅक्स यांनी इंग्रज कंपनीचेच भाग घेतल्याचे छापले. दोघांनी फिर्याद केली. आणि १९ मार्च १९१३ रोजी, जे पार्लमेंटला पाच महिने कळले नव्हते, ते रूफस यांच्या वकिलांनी स्वतःच न्यायालयात सांगून टाकले: होय, भाग घेतले होते; पण ते अमेरिकन कंपनीचे.

इकडे चेस्टरटनचे काय झाले? त्याने, त्याच्या पत्राचे नाव 'न्यू विटनेस' झाल्यावर, गॉडफ्री आयझॅक्स यांच्या पूर्वी बुडालेल्या कंपन्यांची यादी छापली आणि पाठीपोटावर फलक लावलेली माणसे त्यांच्या कचेरीपुढून फिरविली. गॉडफ्री यांनी बदनामीचा फौजदारी खटला भरला. ओल्ड बेलीच्या न्यायालयात पुराव्याची वेळ आली, तेव्हा मंत्र्यांवरील लाचलुचपतीचा आरोप चेस्टरटनला टिकवता आला नाही. ७ जून १९१३ रोजी तो दोषी ठरला. शंभर पौंड दंड आणि खटल्याचा खर्च त्याच्या माथी बसला.

येथे एक गोष्ट मला स्पष्ट बोलली पाहिजे. आमच्यासारख्या कॅथलिक घरांतून बेलॉक आणि चेस्टरटन बंधू यांची नावे आदराने घेतली जातात, आणि म्हणूनच हे सांगण्याची जबाबदारी इतरांपेक्षा माझ्यावर अधिक आहे. आयझॅक्स बंधू आणि सॅम्युएल ज्यू होते, आणि 'आय-विटनेस'च्या लेखांत हिशेबाच्या जोडीने ज्यूद्वेषाचे विष भिनलेले होते. सॅम्युएल यांनी एकही भाग घेतला नव्हता, तरी त्यांच्यावर गरळ ओकली गेली. लॉइड जॉर्ज आणि एलिबँक यांनी भाग घेतले होते. पण ते ज्यू नव्हते. माणसाचा धर्म पाहून ज्याने आपला आरोपी निवडला, त्याची नजर खऱ्या खरेदीदारांवर कशी ठरणार? पूर्वग्रहाने निरपराध्याला जखम केली, आणि जे खरोखर विचारावयाचे होते ते विचारणाऱ्याच्या हातून निसटले. धर्मनिष्ठा ही अशा दोषावरचे पांघरूण होऊ शकत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. तज्ज्ञांच्या एका समितीने असे मत दिले होते, की लांब पल्ल्यासाठी कसोटीस उतरलेली पद्धत मार्कोनीचीच आहे. म्हणजे यंत्राची निवड चुकली नव्हती. यंत्र निवडणाऱ्या सरकारातील माणसांचा खाजगी व्यवहार चुकला होता. एक शेअरदलाल दिवाळे काढून परागंदा झाला आणि त्याच्या वह्यांतून उघड झाले, की एलिबँक यांनी लिबरल पक्षाच्या निधीतूनही तीन हजार भाग घेतले होते. एलिबँक तेव्हा दूर दक्षिण अमेरिकेत होते. पार्लमेंटची समिती पक्षनिहाय दुभंगली: बहुमताने मंत्र्यांस निर्दोष ठरविले, तर लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांच्या अल्पमताच्या अहवालाने त्यांचे वर्तन गंभीर अनौचित्याचे म्हटले. जूनच्या चर्चेत आयझॅक्स आणि लॉइड जॉर्ज यांनी खेद प्रकट केला आणि निषेधाचा ठराव २६८ विरुद्ध ३४६ मतांनी फेटाळला गेला. पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी मात्र मंत्र्यांसाठी दोन प्रकारचे नियम सांगितले: काही बंधनाचे, आणि काही शहाणपणाचे. लाच न घेणे हे बंधन. संशयास जागा न ठेवणे हे शहाणपण.

कोणाचेही मंत्रिपद गेले नाही. ऑक्टोबर १९१३ मध्ये सर रूफस इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. लॉर्ड रीडिंग या नावाने ते १९२१ ते १९२६ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांच्याच कारकिर्दीत, १९२२ साली, महात्माजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि ती साखळी? महायुद्धामुळे मूळ योजना बारगळली. इंग्लंडशी हिंदुस्थानचा बिनतारी मार्ग अखेर १९२७ साली सुरू झाला, तो आपल्या खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून. आगगाडीने दौंडवरून जाताना मला हे सारे प्रकरण आठवते.

श्रोतेहो, आज बिनतारी यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यामागच्या कंपन्या त्या काळच्या कंपनीहून शतपटीने मोठ्या आहेत आणि त्यांची कंत्राटे, परवाने, सवलती यांचा निर्णय आजही सरकारच्याच टेबलावर होतो. म्हणून त्या टेबलाकडे पाहणारे, कोणाचे मिंधे नसलेले पत्रकार हवेत. छोट्या पत्राने विषय लावून धरला नसता, तर समिती नेमली गेली असती काय, याची मला शंका वाटते. परंतु द्वेषाने भरलेली शंभर पाने जे साधू शकली नाहीत, ते 'कोणत्याही' या एका शब्दाने साधले. वर्गात मी मुलांना सांगतो, की उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा वाचा. वृत्तपत्र वाचणाऱ्या मोठ्यांना माझे सांगणे एवढेच, की उत्तर ऐकून समाधान झाले, तरीही प्रश्न पुन्हा एकदा वाचावा.