पाच वर्षांनी उघडणारी मिसल

मोबाइल बाहेर ठेवा. तुम्ही विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहात, मूट कोर्टात बक्षिसं मिळवली आहेत, कलमं तोंडपाठ आहेत. आजच्या खेळात त्यातलं थोडंच कामी येईल. दार ढकला.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं बीड. ऑगस्ट १९४८. बिंदुसरेला पावसाळी पाणी आहे. कचेरीतल्या कागदांवर साल १३५७ फसली, मजकूर उर्दूत. खिशात हाली सिक्का. जिल्ह्याच्या प्रमुखाला इथे कलेक्टर नव्हे, अव्वल तालुकदार म्हणतात. भारताची राज्यघटना अजून लिहून झालेली नाही, तेव्हा अनुच्छेद २१ आणि २२ चा उच्चार करू नका, कोणी ओळखणार नाही. तुमच्या हाती एकच मोठा कागद आहे: २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार. मुदत एक वर्षाची. हैदराबाद भारतात सामील झालेलं नाही आणि भारत त्याला स्वतंत्र मानत नाही. करार दुसऱ्यानेच मोडला, असं दोन्ही बाजू म्हणताहेत.

पहिली खुर्ची वकिलाची. संस्थानातले वकील रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाच्या अत्याचारांच्या निषेधार्थ कोर्टांवर बहिष्कार घालताहेत. बारच्या खोलीत तुमच्यापुढे दोन माणसं उभी आहेत. ज्येष्ठ वकील म्हणतात, "न्यायाचं सोंग चाललंय. आपण उभं राहिलो तर त्या सोंगाला आपलीच सही लागते." दाराशी आलेली बाई म्हणते, "वकीलसाहेब, पोराला सत्याग्रहात धरलंय. तुम्ही नाही उभं राहिलात तर त्याचं कोण?" घड्याळात वीस मिनिटं आहेत. बहिष्कार पाळलात तर त्या पोराची बाजू कोण नोंदवणार? मोडलात तर सोबत्यांचं काय? उत्तर लेखी हवं, कारणांसह.

लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात घ्या. या संकटात कायद्याच्या माणसांची मुळीच कमतरता नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. निजामाचे सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन इंग्लंडचे नामांकित बॅरिस्टर. भारताचे हैदराबादेतले एजंट-जनरल कन्हैयालाल मुन्शी मुंबईचे वकील. दिल्लीत नेहरू आणि पटेल दोघेही बॅरिस्टर, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी सेलमचे वकील. तरीही आग लागली. कायदा येणं आणि संकटात कायद्याने वागता येणं, ही दोन वेगळी शिक्षणं आहेत.

वेळ संपली. खुर्ची बदला.

१३ सप्टेंबर १९४८. पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हद्द ओलांडून नळदुर्गाकडे निघाल्या आहेत. या वेळी तुम्हाला मनासारखी बाजू मिळणार नाही. तुम्ही अव्वल तालुकदारांचे कायदा सल्लागार आहात, म्हणजे निजामाचे नोकर. खेळासाठी रचलेली पहिली चिठ्ठी येते: रझाकारांची टोळी तुरुंगाच्या दाराशी आहे, राजकीय कैदी ताब्यात द्या म्हणते. दुसरी चिठ्ठी: हैदराबादची तार लागत नाही. तिसरी: पोलिसांतले निम्मे शिपाई हजर नाहीत.

साहेब तुमच्याकडे बघतात. "कायदा काय सांगतो?"

कैदी सरकारी कोठडीत आहेत. लेखी हुकुमाशिवाय ते कोणाच्याही हवाली करता येत नाहीत, आणि रझाकार म्हणजे सरकार नव्हे. एवढं तुम्ही झटकन सांगाल. पण दाराशी बंदुका आहेत. मग त्याच वाक्याचा हुकूम करून त्यावर साहेबांची सही घ्याल का? कैद्यांची नावं, बापाचं नाव, गाव आणि आजची वेळ लिहून यादीची दुसरी प्रत शहाण्या माणसाच्या हाती बाहेर धाडाल का? जो गट नुसता वाद घालतो, तो या फेरीत हरतो. जो यादी करतो, त्याच्याजवळ उद्या दाखवायला काहीतरी उरतं.

एवढ्यात रेडिओ खरखरतो. हैदराबादने २१ ऑगस्टलाच संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद ती ऐकायला बसते. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारताचा युक्तिवाद हा की मामला अंतर्गत आहे. तिकडे कलमांवर चर्चा आणि इकडे रणगाडे. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजाम रेडिओवरून लढाई थांबल्याचं सांगतो. पुढच्या आठवड्यात तो तक्रारही मागे घेत असल्याचं कळवतो.

शिट्टी वाजते. बहुतेक विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकून उठतात. बसा. अवघड फेरी आता सुरू होते.

तिसरी खुर्ची. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी राज्यपाल आहेत, शेजारच्या प्रांतांतून मुलकी अधिकारी आणले आहेत, आणि बीडला आलेल्या अशा एका अधिकाऱ्याचे तुम्ही सहायक आहात. जिल्ह्यात रेल्वे आहे ती परळीला. बीडहून सगळं रस्त्याने, चिखलातून. तुमच्याजवळ दोन जीप. टेबलावर तीन कागद, तिन्ही पुन्हा खेळासाठी रचलेले.

एक: अटक करायच्या रझाकारांची यादी. नुसती नावं, पत्ता नाही, बापाचं नाव नाही. तीन गावांत त्याच नावाची माणसं आहेत.

दोन: रझाकारांच्या भीतीने हद्द ओलांडून बार्शीकडे गेलेली कुटुंबं परतली आहेत. घरात दुसरेच लोक राहताहेत. "साहेब, माझं घर मोकळं करून द्या," म्हणताहेत.

तीन: पोस्ट्याने तोंडी आणलेला निरोप. एका गावात मुसलमानांची घरं लुटली जाताहेत. गावात एकही रझाकार राहिलेला नाही, उरलेत ते विणकर आणि मजूर.

जीप दोन आहेत. कोणती कुठे धाडाल? चाळीस मिनिटं.

पाच गट खेळले तर त्यातले चार पहिल्या कागदाकडे धावतील, कारण तो सरकारी दिसतो आणि विजयाच्या भरात तोच निकडीचा वाटतो. तिसऱ्या कागदावर शिक्का नाही. पण माणसं मरताहेत ती तिथे. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी बीडचंही नाव घेतलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी केलेला छळ खरा आणि नंतरचा हा सूडही खरा. एकाने दुसरं पुसत नाही. मुक्तिसंग्रामात तुरुंग सोसलेल्यांचा मान राखूनच हे बोलता येतं, आणि विद्यार्थ्यांना ते बोलायला शिकवायला हवं.

शेवटची खुर्ची न्यायाधीशाची. साल १९५३, सर्वोच्च न्यायालय. आता राज्यघटना आहे आणि समोर हैदराबादची मिसल, म्हणजे खटल्याची फाइल, उघडली आहे. लष्करी राज्यपालांनी १३५८ फसलीच्या विनियमाने विशेष न्यायाधिकरणं नेमली होती. राज्यपालांचा अधिकार आला निजामाच्या सप्टेंबर १९४८ च्या फर्मानातून. त्यात कायदे करण्याचा अधिकार येतो का, ही शंका फेडायला ऑगस्ट १९४९ मध्ये दुसरं फर्मान काढावं लागलं. घाईत लिहिलेल्या एका कागदाने मागाहून केवढं काम वाढवलं पाहा. अशाच न्यायाधिकरणाने दोषी ठरवलेला वरंगळकडचा एक महसूल अधिकारी, हबीब मोहम्मद, आता तुमच्यासमोर आहे. आरोप गंभीर आहेत, लोकांचा राग खरा आहे. पण घटनास्थळी हजर असलेल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला सरकार पक्षाने साक्षीला आणलंच नाही आणि आरोपीचे साक्षीदार बोलवायला नकार दिला गेला. काय कराल? सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष सुटका केली. तो निरपराध होता की नव्हता हे कोणालाच नीट कळलं नाही. आणि घाईच्या खटल्याचा सर्वात मोठा तोटा तोच, मृतांच्या नातेवाइकांनाही आणि आरोपीलाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड–मनमाड भागात दोन गाड्यांचा पाठलाग केला; सुमारे ३० किलो आरडीएक्स आणि १० एके-४७ सापडल्या. त्या खटल्यातला जबीउद्दीन अन्सारी बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. तो निसटला आणि २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारतात आणला गेला. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, अन्सारीला जन्मठेप झाली. मोक्काखालचा आरोप मात्र टिकला नाही. रस्त्यावरच्या त्या दिवशीचे पंचनामे दहा वर्षांनी वाचले गेले.

आता खेळाबाहेर या. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मूट कोर्ट सक्तीचं आहे आणि ते असावंच. पण मूटमध्ये तथ्यं आधी छापून हातात देतात. संकटात तथ्यं तासातासाला बदलतात, अर्धी खोटी निघतात, आणि तरी सल्ला द्यावाच लागतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी शाखेत राष्ट्रीय सुरक्षेच्या संकटांचे असे सराव घेतले जातात: विद्यार्थी मंत्री होतात, खात्यांचे वकील होतात, मध्येच बातमी बदलते. आपल्याला संकट उसनं आणायची गरज नाही. बीड, परभणी, धाराशिव, नांदेडच्या तालुक्यातालुक्यात १९४८ पडून आहे.

खर्च काय? जिल्ह्याचा जुना नकाशा, एक घड्याळ, चिठ्ठ्या आणि चार खुर्च्या. निवृत्त न्यायाधीश, तहसीलदार, पोलीस अधिकारी हाक मारली तर येतात. नियम दोनच ठेवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी नावडत्या बाजूच्या खुर्चीत बसवावं. आणि गुण देताना संकट किती लवकर आटोक्यात आणलं हे पाहू नये. त्या रात्री लिहिलेला कागद पाच वर्षांनी न्यायाधीशासमोर टिकेल का, एवढंच पाहावं.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या विधी महाविद्यालयांत झेंडावंदन होतं, भाषणं होतात. भाषणं आटोपल्यावर तीन तास राखून ठेवा आणि हा खेळ लावा. सुरुवात बीडने करावी.