तळटीप १२ : टायरोसिनेमिया, पहिला प्रकार

बाळाच्या अंगाला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो असे इथे म्हटले आहे, ते याच आनुवंशिक आजाराचे लक्षण. टायरोसिन हे दूध, डाळी, अंडी यांतल्या प्रथिनांमधून मिळणारे अमिनो आम्ल. त्याचे विघटन टप्प्याटप्प्याने होते. शेवटच्या टप्प्याचे विकर जन्मतःच निकामी असेल, तर अलीकडच्या टप्प्यांतले विषारी पदार्थ साठून यकृत आणि मूत्रपिंडे खराब होतात. त्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या सागने भागात थोड्याच मूळ कुटुंबांतून वस्ती वाढली, म्हणून तिथे सुमारे २० जणांमागे एक वाहक आढळतो.

या प्रकरणातल्या आईच्या हाती पथ्यापलीकडे काही नव्हते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. कारण या आजारावरचे निटिसिनोन हे औषध रुग्णाला प्रथम दिले गेले ते त्यानंतर, १९९१ मध्ये, स्वीडनमध्ये. मुळात हे रसायन तणनाशकांच्या संशोधनातून आलेले. ते विघटन वरच्याच टप्प्यावर अडवते, त्यामुळे विष तयारच होत नाही. मात्र रक्तातले टायरोसिन वाढते आणि त्याचे स्फटिक डोळ्यांच्या बुबुळांवर जमू शकतात. म्हणून औषध सुरू असतानाही प्रथिने मोजूनमापूनच द्यावी लागतात. – संपा.