चिठ्ठीची कुळकथा

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपल्या स्वयंपाकघरातील जुने शास्त्र ज्या गृहीतावर उभे आहे ते असे की, भात एकाच भांड्यात शिजलेला असतो आणि ते भांडे डोळ्यांपुढे असते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उताऱ्याचा अंदाज घेण्यासाठी यादृच्छिक नमुन्याची पद्धत आपल्या देशात रुजवण्यास मोठा हातभार लावला, तेव्हा त्यांच्या हाताशीही गावांची यादी, शेतांचे क्रमांक आणि महसूल खात्याचे दप्तर होते. फेरिस्त असल्याखेरीज चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. परंतु ज्यांची फेरिस्त कोणत्याही कचेरीत नाही, किंबहुना फेरिस्तीत नाव लागले तर ज्यांना तुरुंगाचीच धास्ती, त्यांची खानेसुमारी कशी करावी?

हा प्रश्न एड्सने प्राणांतिक निकडीचा करून सोडला. ब्रह्मदेशातून येणारे आणि 'नंबर फोर' म्हणून ओळखले जाणारे हेरॉइन टोचून घेणाऱ्या मणिपुरी तरुणांच्या रक्तात १९८९ च्या उत्तरार्धापर्यंत जो विषाणू आढळला नव्हता, तो पुढील सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत आढळला. एकच सुई अनेक हातांतून फिरत होती. इस्पितळात, तुरुंगात वा व्यसनमुक्ती केंद्रात जे सापडतील त्यांचे रक्त तपासावे, हा तेव्हाचा सर्वत्र रूढ मार्ग. पण तुरुंगात सापडलेला मनुष्य हा न सापडलेल्याचा प्रतिनिधी मानावा, याला आधार कोणता?

सॅन फ्रान्सिस्कोत जॉन वॉटर्स आणि पॅट्रिक बिअरनॅकी यांनी १९८९ साली निराळी वाट सुचवली: आधी वस्त्यांचे नकाशे करावेत, कोणत्या गल्लीत कोण वावरतो हे निरीक्षणाने ठरवावे, आणि मग त्या त्या ठिकाणाहून माणसे घ्यावीत. त्याहून जुनी युक्ती बर्फाच्या गोळ्याची. एकाने दुसऱ्याचे नाव सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे; लिओ गुडमन यांनी १९६१ साली तिला गणिताचे रूप दिले होते. मात्र व्यवहारात ती वापरताना मोठ्या गोतावळ्याचा मनुष्य पुनःपुन्हा सापडे आणि एकलकोंडा बाहेरच राही. शिवाय मित्राचे नाव परक्याला सांगणे म्हणजे चुगली, आणि ती का करावी?

नव्वदीच्या दशकात कनेटिकट राज्यात डग्लस हेकॅथॉर्न आणि रॉबर्ट ब्रॉडहेड या समाजशास्त्रज्ञांनी ज्या चिठ्ठीला, म्हणजे कूपनाला, जन्म दिला, तिचा मूळ हेतू मोजणीचा नव्हताच, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते. पगारी कार्यकर्ते रस्तोरस्ती हिंडवण्याऐवजी त्यांनी सुई टोचून घेणाऱ्यांवरच विश्वास टाकला: आलेल्याने मुलाखत द्यावी, सल्ला घ्यावा, मोबदला घ्यावा आणि जाताना मोजकी कूपने खिशात घालून न्यावीत; मित्राला बचावाची माहिती पढवून कूपनासह पाठवले, की त्या मित्राची लहानशी परीक्षा घेऊन पढवणाऱ्याला त्यानुसार आणखी मोबदला मिळे. ज्यांना समाजाने रोगाचे वाहक म्हणून झिडकारले होते, तेच येथे शिक्षक झाले.

त्या कूपनांच्या क्रमांकांवरून कोणी कोणाला धाडले हे कोणाचेही नाव न विचारता कळत गेले, आणि त्यातून हेकॅथॉर्न यांनी १९९७ साली मोजणीची पद्धत उभी केली. प्रत्येकाला साधारण तीनच कूपने, म्हणजे बहुपरिचिताने सारी पंगत भरून टाकू नये. आणि फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की प्रारंभी निवडलेल्या माणसांचा, ज्यांना 'बीज' म्हणतात त्यांचा, ठसा नमुन्यावरून पुसट होत जातो, असे गणित. पुढे मॅथ्यू सॅल्गॅनिक आणि एरिक व्होल्झ यांच्या सहकार्याने त्यात तोल साधण्याची रीत पक्की झाली: तुझ्या ओळखीचे असे किती जण, हे प्रत्येकाला विचारावे आणि ज्याच्या ओळखी अधिक त्याचे वजन कमी धरावे. २००५ पासून अमेरिकेच्या सरकारी पाहणीने सुई टोचून घेणाऱ्यांसाठी हीच पद्धत पत्करली, आणि २००५ ते २००७ या काळात आपल्याकडील पाहणीत ती मणिपूर व नागालँडमधील टेकड्यांत पोहोचली.

तिची कसोटी युगांडात लागली. मसाका भागातील २५ खेड्यांत, जेथे २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची फेरिस्त आधीच तयार होती, तेथे मुद्दाम ही कूपने वाटून पाहिली. ९२७ जण आले, पण तरुण आणि खाऊनपिऊन सुखी असलेले प्रमाणाने कमी, आणि वजनांच्या हिशेबानेही ती तूट भरून निघाली नाही. २०१२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुईच्या बाबतीत मला याच तुटीची सर्वाधिक चिंता वाटते, कारण नुकतीच सुई हाती घेतलेला पोर, किंवा नवऱ्याच्या आडोशाला राहून टोचून घेणारी बाई, यांच्याकडे ना फारशा ओळखी, ना चिठ्ठी पोहोचवणारा मित्र. म्हणून अनेक ठिकाणी प्रारंभीची बीजे निवडतानाच तरुण आणि स्त्रिया हेतुपुरस्सर शोधून घेतात, आणि पहिली तीन कूपने त्यांच्या हाती देतात.