दिनविशेष : २५ ऑक्टोबर
१९६७ : दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलव्हिल यांचा ‘ल सामुराई’ हा चित्रपट फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. सुपारी घेऊन खून करणाऱ्या जेफ कॉस्तेलोची भूमिका आलँ दलाँ यांनी मोजक्या संवादांत, थंड नजरेच्या जोरावर उभी केली. सुरुवातीची सुमारे दहा मिनिटे तर पडद्यावर कोणी बोलतच नाही. छायालेखक आँरी दके यांनी राखाडी-निळ्या छटांत पॅरिस टिपले. आरंभी झळकणारे ‘बुशिदो’चे (सामुराईंच्या आचारसंहितेचे) वचन प्रत्यक्षात मेलव्हिल यांनीच रचलेले आहे. त्यांचा पॅरिसमधील स्टुडिओही त्याच वर्षी आगीत भस्मसात झाला. हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांच्या ‘द किलर’मागील (१९८९) प्रमुख प्रेरणा हाच चित्रपट होता.