दूरचित्रवाणी : पडद्याचा आकार व बसण्याचे अंतर

घरातील दूरचित्रवाणी संच (टीव्ही) किती मोठा असावा आणि तो किती लांबून पाहावा, हे ठरवण्याची रीत. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. अंतर ठरले की आकार ठरतो. पडदा डोळ्यापाशी करतो तो कोन, चित्रातील रेषांची संख्या आणि खोलीची घडण या तीन गोष्टी निर्णायक असतात. या नोंदीत ही रीत चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील घरे समोर ठेवून सांगितली आहे.

मोजमाप. पडद्याचा आकार म्हणजे त्याच्या कर्णाची लांबी. खोक्यावर ती सेंटिमीटरमध्ये छापलेली असते, दुकानातली बोली मात्र इंचांची : ४३ इंची म्हणजे १०८ ते १०९ सेंमी. आजच्या पडद्यांचे रुंदी-उंचीचे प्रमाण १६:९ असते. त्यामुळे रुंदी कर्णाच्या सुमारे ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के भरते. ४३ इंची पडदा ९५ सेंमी रुंद व साधारण ५४ सेंमी उंच असतो. भिंतीवरची जागा कर्णाने नव्हे, या रुंदीने मोजावी.

पूर्वपीठिका. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्या काळच्या प्रक्षेपणात ६२५ रेषा असत व त्यांतील ५७६ प्रत्यक्ष दिसत. रेषा डोळ्यांत खुपू नयेत म्हणून पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसणे सोयीचे होते. ‘टीव्हीला चिकटून बसू नका’ हा वडीलधाऱ्यांचा धाक त्या चित्राला शोभणारा होता. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने १९६४ पासून केलेल्या संशोधनातून अधिक रेषांचे, उंचीच्या तिप्पट अंतरावरून पाहण्याचे रुंद चित्र पुढे आले.

कोन. पडद्याच्या दोन्ही कडा डोळ्यापाशी सुमारे ३० अंशांचा कोन करतात तेव्हा चित्र डोळ्यांत भरते. चित्रपटगृहाचा अनुभव हवा असेल तर ४० अंशांपर्यंत जावे. त्याहून जवळ बसल्यास नजर कडेकडेला फिरवावी लागते. ३० अंशांसाठी अंतर कर्णाच्या १.६ पट, तर ४० अंशांसाठी १.२ पट ठेवावे. तोंडी हिशोब असा : डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे फूट साडेसातने गुणले की ३० अंशांचा पडदा इंचांत मिळतो. आठ फुटांना ६० इंच, दहा फुटांना ७५ इंच.

रेषा. निरोगी (६/६) डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचे बारकावे वेगळे दिसतात. त्यावरून एसडी (५७६ रेषा) चित्र उंचीच्या सहापट, फुल एचडी (१०८० रेषा) ३.२ पट आणि ४के (२१६० रेषा) १.६ पट अंतरापासून पुढे गुळगुळीत दिसते. ५५ इंची पडद्यावर एचडी व ४के यांतला फरक सात फुटांच्या आतच जाणवतो. दहा फुटांवर बसणाऱ्याला ४केचा लाभ मिळण्यासाठी पडदा ७५ इंचांहून मोठा लागतो.

| आकार (इंच) | ३० अंश (फूट) | ४० अंश (फूट) | एसडी चित्रासाठी (फूट) |
|---|---|---|---|
| ३२ | ४.३ | ३.२ | ७.८ |
| ४३ | ५.८ | ४.३ | १०.५ |
| ५५ | ७.५ | ५.५ | १३.४ |
| ६५ | ८.८ | ६.५ | १५.९ |
| ७५ | १०.२ | ७.५ | १८.३ |

या तक्त्यातली खरी अडचण शेवटच्या रकान्यात आहे. जंगलपट्ट्यातल्या ज्या गावांत केबल वा वेगवान इंटरनेट नाही, तिथे छतावरच्या छत्रीचाच (डिश अँटेनाचाच) आधार असतो. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिच्यावरील बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. दहा फुटांवर बसून त्या पाहायच्या तर कोनाचा हिशोब ७५ इंच सांगतो, पण एवढ्या पडद्यावर चेहरे फुटलेले व अक्षरे विस्कटलेली दिसतात. अशा घरासाठी ४३ इंची संच योग्य; त्याहून मोठ्या पडद्यावर खर्चलेला पैसा चित्राचे दोषच मोठे करून दाखवतो. चंद्रपूर, बल्लारपूर वा गडचिरोली शहरात ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे आणि चित्रपट पाहणे हाच मुख्य हेतू आहे, त्यांनी मात्र कोनाच्या हिशोबानेच जावे.

खोली. खोलीची लांबी म्हणजे पाहण्याचे अंतर नव्हे. १० बाय १२ फुटांच्या खोलीत सोफ्याची पाठ आणि टीव्हीचे टेबल यांत सुमारे दोन फूट जातात. लांबीच्या बाजूने दहा, रुंदीच्या बाजूने आठ फूट उरतात. घरात एकटा माणूस टीव्ही पाहत नाही. पोरे सतरंजीवर पुढे, आजी खाटेवर मागे आणि स्वयंपाकघराच्या दारातून कुणी येताजाता पाहणारे असते. म्हणून सर्वांत जवळच्या व सर्वांत लांबच्या अशा दोन्ही जागा मोजाव्यात : जवळच्याला ४० अंशांहून अधिक कोन नको, लांबच्याला क्रिकेटचा धावफलक वाचता यावा. बाजूने पाहणारे अनेक असतील तर आयपीएस पॅनल घ्यावे. व्हीए पॅनलवर काळा रंग गडद दिसतो, पण तिरप्या नजरेला रंग फिके पडतात.

उंची. जमिनीवर बसलेल्याचे डोळे सुमारे अडीच फुटांवर, खुर्चीवर बसलेल्याचे साडेतीन ते चार फुटांवर असतात. पडद्याचा मध्य या दोहोंच्या दरम्यान ठेवावा. दाराच्या चौकटीवर टांगलेला टीव्ही पोरांच्या हाताला लागत नाही हे खरे, पण तास-दोन तासांत मान भरून येते. नजर १५ अंशांहून जास्त वर उचलावी लागू नये; आठ फुटांवरून ही मर्यादा डोळ्यांच्या पातळीपेक्षा सुमारे दोन फूट वर येते. कुडाच्या वा मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे संच बुटक्या, जड टेबलावर ठेवावा. नजरेलाही तेच सोयीचे.

मागे दुसरी रांग करायची असल्यास ती फूटभर उंच हवी. या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीला ही गरज जुनीच ठाऊक आहे : मंडईच्या (गावजत्रांच्या) हंगामात गावोगावी उभारल्या जाणाऱ्या शामियान्यात मंचासमोरची जमीन उतरती खोदतात, त्यामुळे रात्रभर चालणारे नाटक मागच्या प्रेक्षकालाही दिसते.

उजेड, ऊन व आवाज. दार-खिडकी किंवा सपरीचा (ओसरीचा) उजेड पडद्यावर समोरून पडू नये. पडदा खिडकीशी काटकोनात असावा. बहुतेक संच ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालील खोलीत संचामागे किमान दहा सेंमी मोकळी जागा ठेवावी. कूलरचा दमट झोत संचावर येऊ देऊ नये. कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात. म्हणून मोठ्या पडद्याऐवजी थोडे पैसे साउंडबारकडे वळवणे उन्हाळ्यात अधिक उपयोगी पडते. पाच स्पीकर असल्यास पुढचे दोन मध्यरेषेपासून प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर, बाजूचे दोन ११० अंशांवर आणि पाचवा पडद्याच्या मध्याशी ठेवतात. पावसाळ्यात वीज कडाडू लागण्यापूर्वी संचाचा प्लग व छत्रीची तार दोन्ही काढावीत.

निवडीचा क्रम. आधी बसण्याची जागा ठरवून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग घरात मुख्यतः एसडी पाहिले जाते की एचडी, हे पाहून तक्त्यातला रकाना निवडावा. निवडलेल्या आकाराचा पुठ्ठा वा वर्तमानपत्रे जोडून केलेला कागद भिंतीवर लावावा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागी बसवून विचारावे. दुकानाच्या उंच छताखाली प्रत्येक पडदा लहान भासतो, त्यामुळे आकाराचा निर्णय दुकानात न घेता घरीच घ्यावा.