कापसात वाढलेली मुले

मुंबईच्या कोटातून 1844 मध्ये कुलाब्यास हलविलेला आणि पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या भरावावरील नव्या वखारींत स्थिरावलेला कापसाचा बाजार ज्या वस्तीस कॉटन ग्रीन हे नाव देऊन गेला, तिच्या इतिहासात गाठी, दलाल व सट्टा यांना यथेच्छ स्थान मिळाले आहे. पण मराठी घरांत, आणि म्हणून शेजारच्या गिरणगावातील चाळींतही, सुइणी कापसाचा जो उपयोग करीत, त्याची नोंद व्यापाराच्या दप्तरात कशी सापडावी? अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले, की त्यास पिंजलेल्या कापसात गुंडाळून, दारे-खिडक्या लावून, बाजेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवीत. आणि असे मूल जगलेच, तर ‘कापसात वाढवलेला’ ही ओळख त्यास जन्मभर पुरे.

या रूढीस अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. नवजात बालक ओलेते जन्मते, वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचे क्षेत्रफळ मोठे असते, आणि कुडकुडून ऊब उत्पन्न करण्याची प्रौढाची शक्ती त्यास नसते. म्हणून शरीराचे तापमान 36.5 अंशांखाली उतरताच त्यास जपावे लागते, आणि ते 32 अंशांखाली गेल्यास प्राणसंकट ओढवते. तंतूंमध्ये अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे सुइणींनी अनुभवाने जाणले होते. मात्र कापूस स्वतः ऊब देत नाही. आधीच गार पडलेल्या मुलास त्यात गुंडाळणे म्हणजे गारवाच जतन करणे. शेगडीने ती उणीव भरून निघे, पण बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडे, हा तिचा दोष लहान नव्हे.

पॅरिसमध्ये प्रसूतितज्ज्ञ तार्निए यांनी 1880 च्या सुमारास अशा मुलांसाठी उष्ण पेटीची तजवीज केली. परळला 1926 मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले आणि गिरणी कामगारांच्या स्त्रियांस चाळीच्या खोलीबाहेर बाळंतपणाची सोय झाली. परंतु यंत्राचा खर्च न झेपणाऱ्या बोगोटा येथील डॉ. एडगर रे यांनी 1978 मध्ये अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा प्रघात पाडला, तेव्हा कापूस व शेगडी या दोहोंचे कार्य एका देहाने साधले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजातांची निगा सुरू केली. तीत मुलास ऊब देणे हे एक मुख्य काम होते, आणि 39 गावांतील त्या प्रयोगाचा वृत्तांत 1999 मध्ये प्रसिद्ध झाला.

जन्मताच न्हाऊ घालण्याची जुनी रीत मात्र अद्याप सुटलेली नाही. घरात बाळ येणार असेल, तर वडीलधाऱ्यांनी पहिले चोवीस तास पाण्याचा आग्रह धरू नये. बाळास कोरडे पुसून, टोपडे घालून आईच्या अंगाशी द्यावे, आणि ते गार वाटले तर तसेच उराशी धरून दवाखाना गाठावा.